असायलम (अमेरिकेत आश्रय) मागणाऱ्या स्त्रियांना चर्चने नेमकी काय मदत करावी?

रारिटनकाठ

नमस्कार, जय ख्रिस्त.

न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळीची उपासना एका अमेरिकन चर्चच्या इमारतीत भरते. नवऱ्याच्या मारहाणीतून, घरच्यांच्या धमक्यांतून सुटून आलेल्या काही स्त्रियांना आधार द्यायचं त्या चर्चने ठरवलं आहे. बहुतेक जणी ग्वाटेमाला-होंडुरासच्या आहेत, एक आपल्याकडची आहे. दोन्हीकडचे मिळून सात जण समितीत आहोत. वकील कुणीच नाही.

विचारायचं असं: वकील नसताना आम्ही काय करू शकतो आणि काय केलं तर त्या बायकांच्याच अंगाशी येईल? पाळकांचं पत्र लागतं म्हणतात, त्यात काय असावं? "बायकांवरचे अत्याचार आता असायलमला चालत नाहीत" असं सगळीकडे ऐकू येतं, ते कितपत खरं? आणि आमच्या भागातल्या काँग्रेस सदस्यांकडे जाऊन या विषयावर बोललं तर चर्चच्या करसवलतीला धक्का लागतो का?

कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा. शक्य तितक्या लवकर काम सुरू करायचं आहे.

---

कागदपत्री

रारिटनकाठ, आधी एक विनंती. त्या बायकांचं गाव, वय, मुलं, इकडे कधी आल्या, यातलं काहीही इथे लिहू नका. अर्जाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन सरकारी कचेरीवर आहे. चर्चवर तसा नियम नाही, म्हणून तो तुम्हीच स्वतःला घालून घ्यायचा.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. अमेरिकेत शेवटचं पाऊल ठेवल्यापासून एका वर्षाच्या आत आय-589 हा असायलमचा अर्ज दाखल व्हायला हवा. सीमेवरून आलेल्या पुष्कळ जणींना वाटतं की तिथल्या अधिकाऱ्याला आपण भीती सांगितली, मुलाखत झाली, म्हणजे अर्ज झाला. तसं नसतं. ती फक्त चाळणी असते. कोर्टाची नोटीस मिळाली असेल तर अर्ज इमिग्रेशन कोर्टात जातो, नसेल तर यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी कचेरीकडे. म्हणून पहिल्याच भेटीत प्रत्येकीला दोन गोष्टी विचारा: कोर्टाची नोटीस आहे का, आणि आय-589ची पोच आहे का. पोच नसेल तर तोंडी उत्तरावर विसंबू नका.

वर्ष उलटून गेलं असलं तरी सगळं संपत नाही. गंभीर मानसिक आघात, देशातली बदललेली परिस्थिती, किंवा मधल्या काळात वैध व्हिसावर असणं, ही कारणं मांडता येतात. मात्र ती पुराव्यानिशी मांडावी लागतात आणि कारण संपल्यावर फार दिवस घालवून चालत नाही. तेही नाही जमलं तर त्याच फॉर्मवर 'विदहोल्डिंग', म्हणजे त्या देशात परत न पाठवण्याचं संरक्षण, मागता येतं. त्याला एका वर्षाची अट नाही, पण पुराव्याची पायरी खूप उंच आहे. असायलमला दहात एक इतकी शक्यताही पुरेशी धरता येते, विदहोल्डिंगला निम्म्याहून जास्त शक्यता दाखवावी लागते. शिवाय त्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही.

दुसरा घोटाळा पत्त्याचा. चर्चचा जिव्हाळा इथेच फार उपयोगी पडतो आणि इथेच नकळत घात होतो. तुम्ही एकीला महिनाभर एका घरी ठेवता, मग दुसऱ्या. दर वेळी पत्ता बदलतो. कोर्टात केस असेल तर ईओआयआर-33 हा फॉर्म 5 कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, आणि यूएससीआयएसला एआर-11 10 दिवसांत. दोन्ही खाती वेगळी आहेत, एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळत नाही. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तारीख चुकली, की न्यायाधीश गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम काढतात. समितीतल्या एकाच माणसाकडे फक्त पत्ते आणि तारखांची वही द्या. आठवड्यातून एकदा प्रत्येकीचा ए-नंबर (इमिग्रेशनच्या कागदावरचा तिचा ओळख क्रमांक) घालून कोर्टाच्या साइटवर तारीख बघायची. तारखा न कळवता पुढेमागे होतात.

पैशांचं: आय-589 पूर्वी फुकट होता. जुलै 2025च्या कायद्याने त्याला 100 डॉलर फी लागली, अर्ज प्रलंबित असेपर्यंत दरवर्षीची वेगळी फी आली आणि पहिल्या वर्क परमिटला 550 डॉलर. आकडे महागाईप्रमाणे वाढतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी पान पाहूनच भरा. अर्जाच्या फीला गरिबीची माफी नाही. अर्पणातून निधी बाजूला काढायचा तर आधी या फीसाठी काढा, सोफा आणि भांड्यांसाठी लोक आपणहून देतात. वर्क परमिटचा अर्ज आय-589 दाखल झाल्यावर 150 दिवसांनी करता येतो, मिळतो 180 दिवसांनंतर. मध्ये तिच्या बाजूने तारीख पुढे ढकलली गेली तर हे घड्याळ थांबतं. "ती तयार नाही, पुढची तारीख मागू" हे वकिलाशी बोलल्याशिवाय कुणी सुचवू नये.

आणि फॉर्म? वकील नसलेल्या स्वयंसेवकाने "या रकान्यात हे लिही, हे नको" असं सांगणं म्हणजे कायद्याचा सल्ला. तो देऊ नका, भलेही फुकट असो. तिने सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेणाऱ्यालाही फॉर्मच्या शेवटी तयार करणारा म्हणून नाव घालून सही करावी लागते. मात्र धर्मसंस्थेला एक अधिकृत वाट आहे. न्याय खात्याच्या मान्यता योजनेत ना-नफा संस्था ईओआयआर-31 भरून मान्यता घेऊ शकते आणि वकील नसलेल्या माणसाला ईओआयआर-31ए भरून प्रतिनिधी करता येतं. अर्धी मान्यता असेल तर फक्त यूएससीआयएससमोर, पूर्ण असेल तर कोर्टातही उभं राहता येतं. संस्थेची मान्यता 6 वर्षांची, माणसाची 3 वर्षांची. त्याला प्रशिक्षण लागतं. कॅथलिक चर्चने 1988 साली उभं केलेलं क्लिनिक नावाचं जाळं हेच शिकवतं, आणि त्यासाठी तुम्ही कॅथलिक असायची गरज नाही. पण हे पुढच्या वर्षाचं काम. या महिन्यात मान्यता असलेली जवळची संस्था शोधा आणि प्रत्येकीची तिथे वेळ घ्या.

---

तिसरे सर्किट

"चालत नाही" हे अर्धवट ऐकलेलं आहे. पण काळजीचं कारण खरं आहे, म्हणून थोडं मागून सांगतो.

1951च्या निर्वासित करारात पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. अमेरिकेने 1980 साली हीच कायद्यात घेतली. त्यात 'स्त्री असणं' नाही. त्यामुळे बायकांच्या केसेस बहुतेक वेळा 'विशिष्ट सामाजिक गट' या दारातूनच आत नेल्या जातात, आणि ते दार दर काही वर्षांनी उघडतं-मिटतं. 1996 साली टोगोतून आलेल्या मुलीची कसिंगा केस झाली. जननांग छेदनाच्या भीतीवर आश्रय मिळू शकतो हे तिथे पक्कं झालं. 2014 साली ग्वाटेमालातल्या, नातं तोडू न शकणाऱ्या विवाहित स्त्रिया हा गट मान्य झाला. 2018 साली ॲटर्नी जनरल सेशन्स यांनी ए-बी- (अशा निर्णयांना अर्जदाराच्या आद्याक्षरांचं नाव असतं) या निर्णयाने तो मोडला, 2021 साली गारलंड यांनी ए-बी- मागे घेतला, आणि 2 सप्टेंबर 2025ला ॲटर्नी जनरल बाँडी यांनी एस-एस-एफ-एम- या निर्णयाने 2018चा विचार पुन्हा आणला. त्याआधी जुलै 2025मध्ये अपील मंडळाने के-ई-एस-जी- या केसमध्ये म्हटलं की 'अमुक देशातल्या स्त्रिया' हा नुसता गट फार ढोबळ आहे.

म्हणजे "नवरा मारत होता, मी ग्वाटेमालाची बाई आहे" एवढ्यावर उभी केलेली केस आज बहुधा पडते. पण छळाचं कारण एकच नसतं. मारणाऱ्याच्या तोंडचे शब्द काय होते? तिने काय केलं म्हणून मारहाण वाढली? बायबल वाचते म्हणून, दुसऱ्या पंथात गेली म्हणून, जातीबाहेर लग्न केलं म्हणून, गावच्या बैठकीत बोलली म्हणून, टोळीच्या माणसाला नाही म्हणाली म्हणून? त्यातून धर्म किंवा राजकीय मत ही वेगळी दारं उघडतात.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाखाली येतात, आणि तिथे 1993चा फॅटिन हा निवाडा आहे. इराणी स्त्रीची केस. स्त्रीवाद हे राजकीय मत ठरू शकतं हे कोर्टाने तिथे मान्य केलं. तरीही ती हरली. पडदा आणि बाकीचे नियम मी मुळीच पाळणार नाही, ते माझ्या श्रद्धेविरुद्ध आहे, असं तिच्या जबानीत नव्हतं. जमेल तितकं टाळेन, एवढंच होतं. तिच्या मनात काय होतं देव जाणे, कागदावर ते उतरलं नाही. जबानी घेताना घाई करू नका हे मी सगळ्यांना का सांगतो, ते यावरून कळेल. न्यूयॉर्कला लागू असलेल्या सेकंड सर्किटने 2020 साली एर्नांदेझ-चाकोन केसमध्ये टोळीच्या बलात्काराला केलेला प्रतिकार हा राजकीय मताचा भाग असू शकतो असं धरलं. वकिलाला ही नावं सांगा. त्याला माहीत नसतील तर यूसी लॉ सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंटर फॉर जेंडर अँड रेफ्युजी स्टडीजकडून त्याला तांत्रिक मदत घेता येते.

आपल्याकडच्या बाईबद्दल दोन शब्द. भारताच्या केसमध्ये सरकारी वकील हमखास दोन प्रश्न विचारतो. एक, पोलिसांकडे का गेली नाहीस, कायदे तर आहेत. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016चा कायदा आहे. कायदा असणं आणि तिला संरक्षण मिळणं यात अंतर आहे हे कागदाने दाखवावं लागतं: एफआयआर, नुसती एनसी नोंदवून परत पाठवलं असेल तर तिची प्रत, तक्रार घेतली नाही तर ते पाहिलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. दुसरा प्रश्न, देश एवढा मोठा, सांगलीहून कोलकात्याला का गेली नाहीस? त्यावर नवऱ्याच्या घरच्यांनी पूर्वी तिला दुसऱ्या शहरात कसं शोधलं, आधार आणि बँकेच्या पत्त्यावरून काय कळतं, एकट्या बाईला मूल घेऊन भाड्याने घर मिळतं का, हे ठोस हवं. 'भारतात बायका सुरक्षित नाहीत' या वाक्याने काही होत नाही.

आणि छळ इथे, अमेरिकेत, नवऱ्याकडून झाला असेल तर तो असायलमचा विषय नसेलही. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर वावा (पीडित पत्नीला नवऱ्याशिवाय स्वतः अर्ज करू देणारा कायदा), नसेल तर पोलिसांना सहकार्य केल्यावर गुन्ह्याच्या पीडितांसाठीचा यू व्हिसा (वर्षाला 10,000ची मर्यादा, रांग लांब). नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या एच-4वर असलेल्या पीडित पत्नीला वर्क परमिटसाठी वेगळा आय-765व्ही फॉर्म आहे. आपल्या मराठी वस्तीत हे कुणालाच ठाऊक नसतं. न्यू जर्सीत 1985पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी मानवी ही संस्था आहे, तिथे आधी फोन करा.

---

दुभाषी

भाषेचं मी सांगते.

यूएससीआयएसच्या असायलम मुलाखतीला दुभाषी अर्जदाराने स्वतः आणायचा असतो, सप्टेंबर 2023पासून हा नियम पुन्हा लागू आहे. नाही आणला किंवा आणलेला कच्चा निघाला तर मुलाखत रद्द होऊ शकते आणि दोष तिच्या माथी येतो. दुभाषी 18 वर्षांवरचा हवा. तिचा वकील, तिचा साक्षीदार, तिच्या देशाच्या सरकारचा नोकर, किंवा स्वतःची असायलम मुलाखत अजून व्हायची आहे असा माणूस चालत नाही. नीट वाचा: पत्र देणारे पाळक पुढे साक्षीला उभे राहणार असतील तर तेच दुभाषी होऊ शकत नाहीत. सात जणांत कोण साक्षीचा आणि कोण भाषेचा हे आत्ताच वाटून घ्या. इमिग्रेशन कोर्टात मात्र दुभाषी कोर्ट देतं. तिथे 'हिंदी चालेल' असं बोलून जाऊ नका. तिची भाषा मराठी असेल तर मराठीच मागा, अहिराणी असेल तर तेही नोंदवा. ग्वाटेमालाच्या बायकांनाही हेच. बऱ्याच जणींची मातृभाषा माम किंवा किचे असते आणि स्पॅनिश मोडकी, पण कुणी विचारत नाही म्हणून त्या मान डोलावतात.

जबानी दोन-तीन तासांच्या बैठकींत, तीन-चार वेळा मिळून घ्यावी लागते. एका बैठकीत सगळं काढायला गेलात तर तारखा गडबडतात. 2005च्या रिअल आयडी कायद्यापासून कुठलीही विसंगती, अगदी केसच्या गाभ्याशी संबंध नसलेलीसुद्धा, विश्वासार्हतेविरुद्ध वापरता येते. बाई म्हणते "दिवाळीनंतर", आणि कुणीतरी स्वयंसेवक उत्साहाने '15 नोव्हेंबर' लिहितो. पुढे दवाखान्याच्या कागदावर ऑक्टोबर निघतो. ती खोटी ठरते. 'दिवाळीनंतर' म्हणाली तर 'दिवाळीनंतर'च लिहा. आपल्याकडे "अंगावर हात टाकला" या शब्दांचे किती अर्थ होतात! मारलं की बळजबरी केली, हे हळुवारपणे, एकांतात, बाईनेच विचारावं. तिचं मूल दुभाषी म्हणून बसवू नका, कितीही इंग्रजी येत असलं तरी.

भाषांतराबरोबर भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं: मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर खरं आणि पूर्ण आहे, नाव, सही, तारीख. मूळ मराठी कागदाची प्रतही जोडायची. शिक्का वाचता येत नसेल तर 'शिक्का अस्पष्ट' असं लिहायचं, अंदाज करायचा नाही.

---

रारिटनकाठ

खूप आभारी आहे तिघांचाही. दोन गोष्टी अजून विचारतो. येत्या रविवारी उपासनेत एका बहिणीची साक्ष ठेवायची आणि वर्गणीसाठी ऑनलाइन पान काढायचं असं ठरत होतं. आणि पाळकसाहेबांच्या पत्राचा मसुदा तयार आहे, त्यात तिच्यावर झालेले सगळे अत्याचार क्रमाने लिहिलेत. हे दोन्ही ठीक आहे ना?

---

कागदपत्री

दोन्ही थांबवा.

साक्षीचं व्हिडिओ होतं, ते फेसबुकवर जातं, त्यात ती 'दोन वर्षं' म्हणते आणि अर्जात 'तीन' असतं. सरकारी वकील ते उघडून दाखवतो. वर्गणीचं पान कुणीतरी दुसराच लिहितो, थोडं रंगवून, आणि ते तिचं विधान म्हणून समोर येतं. नवऱ्याकडच्यांना तिचा ठावठिकाणा कळतो तो वेगळाच. वर्गणी चर्चच्या नावाने, कुणाचंही नाव, देश, फोटो न घालता करा. तिला मंडळीसमोर बोलायची ओढ असेल तर ते निकालानंतर.

पत्राचंही तसंच. पाळकांनी अत्याचार पाहिलेले नाहीत, ऐकले आहेत. ऐकीव गोष्ट क्रमवार लिहिली की तिच्या जबानीशी ताडून पाहायला आणखी एक कागद तयार होतो. पत्रात एवढंच असावं: चर्चच्या लेटरहेडवर, तारखेसह, मी कोण, तिला कधीपासून ओळखतो, किती वेळा भेटतो, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं. ती दाराकडे तोंड करूनच बसते. पुरुष मोठ्याने बोलला की उठून जाते. देशातून फोन आला त्या दिवशी थरथरत होती. असं. ती मला कधी, कोणत्या प्रसंगी बोलली हे एका वाक्यात, तपशील न देता. केस धर्मावर असेल तर तिचा बाप्तिस्मा, उपासनेतली हजेरी, सेवेतला भाग, जे नोंदवहीत असेल तेवढंच. शेवटी 'खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या जाणिवेने हे खरं आहे' अशी प्रतिज्ञा, सही, फोन आणि ओळखपत्राची प्रत. दीड पान पुष्कळ झालं. 'ती देवाची लेकरू आहे, कृपया दया करा' हे प्रार्थनेत म्हणा, पत्रात जागा अडवू नका. पत्र आधी वकिलाला दाखवा, कोर्टात पुरावे साधारण सुनावणीच्या 30 दिवस आधी जायला हवेत.

दहा जणांची दहा सारखी पत्रं नकोत. डॉक्टरी तपासणीचा एक अहवाल त्याहून जड असतो. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्सच्या जाळ्यातले डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ इस्तंबूल प्रोटोकॉल या छळाच्या खुणा नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे तपासतात, विनंती वकिलामार्फत करायची. तिला तिथे गाडीने नेणं, मुलं सांभाळणं, परतल्यावर गरम जेवण देणं, हे मंडळीचं काम. त्या दिवशी तिला एकटं सोडू नका.

---

वेशीबाहेर

मला दोन बाबी जोडायच्या आहेत.

एक, उपासना आणि आसरा यांची गाठ मारू नका. घर, फी, वकील यापैकी काहीही ती रविवारी येते का यावर अवलंबून ठेवायचं नाही, आणि हे तिला तिच्या भाषेत स्पष्ट सांगायचं. 1889 साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं आणि चार वर्षांत मुलींच्या प्रार्थनेला बसण्यावरून केवढं वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, हे मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगायला नको. इथे तर कोर्टाचाही प्रश्न आहे. आसऱ्याच्या बदल्यात धर्म घेतला असं दिसलं की खऱ्या श्रद्धेवरची केससुद्धा संशयात येते.

तुमच्यासारख्यांनी ताहिरी जस्टिस सेंटरचं उदाहरण जरूर पाहावं. कसिंगा केसवर विद्यार्थिदशेत काम केलेल्या लायली मिलर-म्युरो यांनी 1997 साली ते काढलं. त्या बहाई, आणि स्त्री-पुरुष समानता हे त्या धर्माचं तत्त्व. संस्थेचं नाव 1852 साली तेहरानमध्ये मारल्या गेलेल्या ताहिरी या कवयित्रीवरून आहे. ती बाबी पंथाची, ज्यातून पुढे बहाई धर्म निघाला. प्रेरणा धर्माची, पण मदत कुठल्याही धर्माच्या बाईला. शंभराहून जास्त वर्षं जुनी ज्यू संस्था हायसही आज मुख्यतः ज्यू नसलेल्यांसाठी काम करते.

दुसरी बाब, तुमचा शेवटचा प्रश्न. करसवलत असलेल्या चर्चला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार बंद. कायद्यासाठी लॉबिंग करता येतं, पण ते एकूण कामाचा मोठा हिस्सा असता कामा नये. इतर ना-नफा संस्थांना लॉबिंगवरच्या खर्चाची ठरलेली मर्यादा निवडण्याचा पर्याय आहे, चर्चला तोही नाही, म्हणून हात आखडताच ठेवा. मात्र सरकारी नियमाच्या मसुद्यावर लेखी हरकत नोंदवणं किंवा स्वतः पक्षकार नसताना कोर्टाच्या मदतीसाठी निवेदन देणं हे लॉबिंगमध्ये येत नाही. एखाद्या केसची चौकशी करायला काँग्रेस सदस्याच्या कचेरीत जाणंही नाही, फक्त त्यासाठी तिची सही असलेला प्रायव्हसी रिलीज (माहिती देण्याची परवानगी) लागतो. भेटीला गेलात तर एकच मागणी न्या. कायद्यातल्या पाच कारणांत लिंगभावाचा स्पष्ट उल्लेख व्हावा, ही मागणी जुनी आहे आणि वर 'तिसरे सर्किट' यांनी सांगितलेली 2014, 2018, 2021, 2025ची उलटापालट हेच तिचं कारण. पंधरा मिनिटांत तेवढंच सांगून होतं.

इमारतीबद्दलही ठरवून ठेवा. चर्चमध्ये धरपकड टाळायचं धोरण 20 जानेवारी 2025ला रद्द झालं. फेब्रुवारी 2025मध्ये मेरिलँडच्या फेडरल कोर्टाने क्वेकर मंडळ्या, एक बाप्टिस्ट संघ आणि सॅक्रामेंटोचा गुरुद्वारा यांना मनाई हुकूम दिला, पण तो त्याच वादींपुरता. तुमच्या चर्चला तो लागू नाही. उपासनेची जागा सर्वांना खुली, पण कचेरी, स्वयंपाकघर, राहण्याच्या खोल्या यांवर 'खाजगी' अशी पाटी लावा आणि दारं बंद ठेवा. तिथे यायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असलेला आय-200 किंवा आय-205 हा अटकेचा वा हद्दपारीचा कागद पुरत नाही. दाराशी कोण बोलणार तो एकच माणूस नेमा. खोटं बोलायचं नाही, कुणाला लपवायचं नाही, वाट अडवायची नाही. 1982 साली टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने उघडपणे आसरा जाहीर केला तेव्हा रेव्हरंड जॉन फाइफ यांना 1986 साली दोषी ठरवण्यात आलं होतं. त्यांनी ती जोखीम जाणूनबुजून घेतली. तुमच्या समितीने घ्यायची असेल तर तीही जाणूनबुजून, वकिलाला विचारून, आणि त्या बायकांवर न लादता.

---

रारिटनकाठ

साक्ष रद्द केली, पान काढणार नाही. पाळकसाहेबांनी मसुदा मागे घेतला आहे, नवीन दीड पानांचा करताहेत. वही घातली. एक शंका: कोर्टात तिच्यासोबत आम्हाला आत बसता येतं का?

---

कागदपत्री

असायलमची सुनावणी एरवी खुली असते, तिने मागितलं तरच बंद दाराआड होते. तरी तिची संमती असेल तरच बसा. वकिलाकडून आधी कळवा. दोघांहून जास्त जाऊ नका आणि साक्ष देणाऱ्याला बाहेर थांबावं लागेल. आदल्या रात्री तिच्याकडे ए-नंबर, वकिलाचा नंबर आणि मुलांना कोण घेईल त्याचा नंबर कागदावर लिहून द्या. फोन काढून घेतला जाऊ शकतो, म्हणून वकिलाचा नंबर पाठही करून घ्या. अलीकडे कोर्टाच्या व्हरांड्यातही अटक होते, त्यामुळे मुलांना सांभाळायला कोण थांबणार हे ठरल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. आणि डबा न्या, सकाळी साडेआठची तारीख असली तरी नंबर दुपारीही लागतो.